न दिसणाऱ्या कारणांची चित्रे : रोगप्रतिबंधाच्या दृश्य साधनांविषयी प्रस्तावना

रोग झाल्यावर उपचार घ्यावा, हे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण दुखणे स्वतःच माणसाला दवाखान्याच्या दारात नेते. परंतु जो रोग अजून झालेला नाही, ज्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा परिणाम कित्येक दिवसांनी किंवा महिन्यांनी प्रकट होणार आहे, त्याच्यासाठी आज, घर आणि शेत यांच्या धबडग्यात, काहीतरी जास्तीचे काम करावे, हे पटवणे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम ठरले आहे. त्यात भर अशी की, प्रतिबंध यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. न झालेला हगवणीचा आजार कोणाला दाखवता येत नाही आणि न आलेला ताप कोणाच्या स्मरणात राहत नाही. ज्या समाजात अनेक प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना, शाळेची पायरी फार काळ चढता आली नाही, तेथे ही अडचण लिखित सूचनांनी सुटत नाही, आणि म्हणून चित्रे, तक्ते, खेळ, नकाशे, मण्यांची व पट्ट्यांची उपकरणे आणि अलीकडे मोबाइलवरील चित्रफिती यांचा आधार घेतला जातो. या सर्वांना येथे ‘दृश्य सहभागी साधने’ असे म्हटले आहे. ‘दृश्य’ म्हणजे अर्थ मुख्यतः डोळ्यांवाटे पोहोचवणारे, आणि ‘सहभागी’ म्हणजे शिकणाऱ्याच्या हाताने, उत्तराने किंवा निवडीने ज्यात बदल घडतो असे. भिंतीवर चिकटवलेले पोस्टर दृश्य असते, पण सहभागी नसते. ते पाहणारा त्याला काहीही विचारू शकत नाही आणि त्याच्याशी असहमतही होऊ शकत नाही.

मराठवाड्याच्या संदर्भात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण नारूचे आहे. नारू हा एका लांब, दोऱ्यासारख्या कृमीमुळे होणारा रोग होता. सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे पाण्यातील जलचर या कृमीच्या अळ्या गिळतात, असे पाणी माणूस पितो, आणि त्यानंतर सुमारे एक वर्षाने पूर्ण वाढलेली मादी, जिची लांबी जवळजवळ एक मीटरपर्यंत असू शकते, बहुधा पायाच्या त्वचेतून बाहेर येऊ लागते. त्या जागी होणारी आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो, त्या क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो, आणि पायऱ्यांनी खाली उतरून पाणी भरावे लागणाऱ्या बारवेत हे चक्र पुन्हा सुरू होते. पाणी पिणे आणि कृमी दिसणे यांत वर्षाचे अंतर असल्यामुळे दोहोंचा संबंध अनुभवातून कोणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते. ज्या उन्हाळ्यात पाय सुजला त्या उन्हाळ्यातले पाणी निर्दोष असू शकत होते. या रोगावर लसही नव्हती आणि कृमी मारणारे औषधही नव्हते, त्यामुळे १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमाचा सारा भार रुग्णशोध, पायविहिरींचे रूपांतर, सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉसची मात्रा आणि लोकशिक्षण यांवर पडला. महाराष्ट्र हे रोगग्रस्त राज्यांपैकी एक होते. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

या लोकशिक्षणात उपयोगी पडणारे साधन अतिशय साधे होते, आणि त्यातूनच साधनांच्या घडणीचा पहिला नियम मिळतो. त्याच विहिरीचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडासमोर धरले, भिंग पुढे केले, की हलणारे ठिपके दिसतात. तेच पाणी दुहेरी कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घेतले, की ते ठिपके दिसेनासे होतात. येथे कोणी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागत नाही. पाणी गावचे, कापड घरचे, गाळणारा हात शिकणाऱ्या बाईचा, आणि निष्कर्षही तिचाच. चांगले दृश्य साधन कारण आणि परिणाम यांमधील अंतर, मग ते आकाराचे असो वा काळाचे, एका बैठकीत पार करता येईल एवढे लहान करते, आणि ते पार करण्याचे काम शिकणाऱ्याकडे सोपवते. ज्या साधनात हे दुसरे पद नसते, ते कितीही सुबक छापलेले असले तरी व्याख्यानच राहते.

चित्र पुढे धरून लोकांना गुंतवणे ही गोष्ट या प्रदेशाला परकी नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिकांत दृश्य साधनांचा इतिहास बहुधा परदेशी संस्थांपासून सुरू केलेला आढळतो. ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहता येतात. पाठीला पाठ लावून चिकटवलेले कागद, ठसठशीत बाह्यरेषा, मोठे डोळे, मोजकी पार्श्वभूमी, आणि एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगणारा कथेकरी, अशी ती पद्धत होती. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ती आजही जिवंत आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताई ज्याला ‘फ्लिपबुक’ म्हणतात, त्या पानामागून पान उलटत दाखवण्याच्या चित्रवहीची रचना याहून फार वेगळी नाही. पैठणचेच संत एकनाथ यांनी भारुडांतून सोंग आणि प्रश्नोत्तर यांचा उपयोग लोकशिक्षणासाठी केला. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना थेट प्रश्न विचारत आणि त्यांच्या तोंडूनच उत्तर काढून घेत. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट हा सापशिडीचा खेळ सद्गुण आणि दुर्गुण यांचे परिणाम सोंगटीच्या चालीतून शिकवत असे. आरोग्याच्या सापशिडीत सापाच्या तोंडाशी उघडा हौद आणि शिडीच्या पायथ्याशी लसीकरण दाखवणाऱ्या आजच्या आरेखकाने हे पूर्वसूरी ओळखले, तर त्याला गावात काय चालते याची निम्मी उत्तरे आयती मिळतील. मात्र त्या खेळाची एक मर्यादाही त्याने ओळखली पाहिजे: सापशिडीत वर जाणे फाशावर, म्हणजे नशिबावर अवलंबून असते, आणि प्रतिबंधाच्या शिक्षणाला नेमकी नशिबाची कल्पनाच बाजूला सारायची असते, म्हणून प्रत्येक सापाजवळ खेळणाऱ्याला निवड करता येईल असा प्रश्न ठेवणे हा येथे शोभेचा भाग राहत नाही, तो खेळाचा गाभा बनतो.

पैठण तालुक्यातील पाचोड हे छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरील, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे मोठे गाव आहे, आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना ते इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड या संस्थेमुळे परिचित आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या संस्थेच्या कामातील किशोरवयीन मुलींचा जीवनकौशल्य वर्ग येथे विशेष महत्त्वाचा आहे. शाळा सुटलेल्या, घरी आणि शेतात राबणाऱ्या मुलींसाठी गावातच, संध्याकाळी एक तास भरणारा हा वर्ग सुमारे एक वर्ष चालत असे, त्याची २२५ सत्रे आखलेली होती, आणि शिकवणाऱ्या स्त्रिया बाहेरून आणलेल्या तज्ज्ञ नव्हत्या. किमान सातवीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना त्यासाठी प्रशिक्षण दिले जाई. बालविवाह आणि त्यामागोमाग येणारे कोवळ्या वयातील बाळंतपण हे आईच्या रक्तक्षयाचे व बाळाच्या कमी वजनाचे मोठे कारण असल्यामुळे, लग्नाचे वय वाढणे हाच येथे रोगप्रतिबंध होता. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्ने ज्या वयाच्या आत होतात ते वय, १६ वरून १७ झाले आणि अठरा वर्षांच्या आत होणाऱ्या लग्नांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर आले.

या अनुभवाचा दृश्य साधनांशी संबंध असा की, बदल घडवणारी गोष्ट एखादे चित्र नव्हती. रोज त्याच ठिकाणी जमणारा, विश्वासाच्या बाईने चालवलेला आणि मुलींना बोलते करणारा वर्ग होता. साधनाची रचना करणाऱ्याने ते कोणाच्या हातात, कोणत्या वेळी आणि किती दिवस राहणार आहे, हा प्रश्न रंग-रेषांच्या आधी सोडवला पाहिजे. सातवी शिकलेल्या शिक्षिकेला आत्मविश्वासाने हाताळता येईल, दिव्याच्या उजेडात दिसेल, पंधरा मुलींच्या घोळक्यात फिरवता येईल आणि चुरगळले तरी वहीच्या कागदावर पुन्हा काढता येईल, असे साधन शहरातील छापखान्यातून आलेल्या चकचकीत संचापेक्षा जास्त काळ वापरात राहते.

चित्र सर्वांना सारखेच कळते, हा समज या क्षेत्रातील सर्वांत महाग पडलेला समज आहे. डायना फसेल आणि आने हालँड यांनी १९७६ मध्ये युनिसेफच्या सहकार्याने नेपाळमधील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले की, चित्रांची सवय नसलेल्या प्रौढांना चित्रातून काही संदेश मिळू शकतो ही अपेक्षाच मुळात नसते. छायाभेद दाखवणारी, तपशीलवार रेखाटने त्यांना छायाकृतींपेक्षा आणि अतिसुलभ केलेल्या आकृत्यांपेक्षा चांगली ओळखता येतात. छायाचित्रातील पार्श्वभूमी काढून टाकली की ओळख सुधारते. आणि ओळीने मांडलेली चित्रे एकाच गोष्टीचे क्रमाने येणारे टप्पे आहेत, हे आपोआप समजत नाही. दूरची वस्तू लहान काढणे, बाणाने दिशा दाखवणे, फुलीने निषेध सुचवणे, हे सारे शाळेत नकळत शिकलेले संकेत आहेत. डास हातभर मोठा काढला, तर पाहणाऱ्याला तो आपल्या घरातल्या डासाहून निराळा प्राणी वाटू शकतो आणि मग चित्रातील धोका त्याच्या घराला लागू होत नाही. रंगांचेही तसेच आहे. लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे सुरक्षित, हा संकेत रस्त्यावरील सिग्नलच्या सवयीतून येतो. जेथे लाल कुंकू आणि हिरवा चुडा ही दोन्ही सौभाग्याची लक्षणे आहेत, तेथे तो संकेत गृहीत न धरता शिकवावा लागतो. यातील दोष पाहणाऱ्याच्या अज्ञानाचा मानण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते आणि ती अन्यायकारक आहे, कारण जे चित्र ज्याच्यासाठी काढले त्यालाच ते कळत नसेल, तर ते चुकीचे काढलेले आहे. म्हणून छपाईपूर्वी कच्चे रेखाटन गावात नेऊन, ‘हे कळले का?’ असा होकार मागणारा प्रश्न टाळून, ‘येथे काय चालले आहे?’ असे विचारणे आणि मिळालेल्या उत्तरांनुसार रेखाटन बदलणे, या पूर्वचाचणीला साधननिर्मितीत पर्याय नाही.

संकेत शिकवून साधन हातात दिले, तर अक्षरओळख नसणे ही अडचणच राहत नाही, हे गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवून दिले. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखण्याची एक भरवशाची खूण म्हणजे जलद श्वास: दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक झाले, तर धोका समजावा. परंतु ज्या दायांना दहा-बाराच्या पुढे मोजण्याची सवय नव्हती, त्यांनी साठ श्वास मोजायचे कसे आणि मिनिट ओळखायचे कसे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी एकत्र बसवून श्वासमापक तयार केला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोहोचले, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरायचे. या उपकरणात दाईचे ज्ञान कमी लेखलेले नाही; तिला जे येते, म्हणजे दहापर्यंतची मोजणी, त्यावरच निदानाची इमारत उभी केली आहे. दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी याच जातीची आहे: सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर तीव्र कुपोषण, १२.५ च्या आत मध्यम, आणि त्यापुढे समाधानकारक. परंतु आकडे वाचायची गरज नाही, पट्टीचा रंग आणि तो शिकवणारी अंगणवाडीताई पुरेशी आहे. ही पट्टी आईच्याच हातात दिली, तर बाळाची घसरण ती महिन्याच्या वजनापूर्वी ओळखू शकते, आणि साधनाने ज्ञानाची मालकी बदलणे म्हणजे काय, हे येथे स्पष्ट दिसते.

आज पाचोड परिसरासारख्या दुष्काळी टापूत याच विचाराची खरी कसोटी डेंग्यूच्या बाबतीत लागते. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, म्हणून प्रत्येक घर रांजण, पिंप, सिमेंटची टाकी यांत पाणी साठवते, आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला दिला जातो. अंडी मात्र भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून कोरड्या अवस्थेतही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे नुसते ओतून भागत नाही, आतून घासावेही लागते. हे सारे पोस्टरवर लिहिले जाते आणि तरीही पाळले जात नाही, यात नवल नाही, कारण ज्या घरात पाणी आठ दिवसांनी येते, तेथे उरलेले पाणी ओतून देण्याचा सल्ला क्रूर वाटतो. शाळेत जाळी बांधलेल्या काचेच्या बरणीत टाकीतल्या अळ्या ठेवल्या, मुलांनी रोज त्यांचे चित्र काढले, अळीचा कोष आणि कोषाचा डास होताना पाहिला, आणि शेजारच्या दुसऱ्या बरणीत सोडलेला गप्पी मासा त्याच अळ्या गिळताना पाहिला, तर निष्कर्ष मुले स्वतः घरी नेतात; आणि ओतून देण्याऐवजी झाकणे, कापड बांधणे, टाकीत गप्पी मासे सोडणे हे त्यांच्या घरच्या पाण्याला परवडणारे पर्यायही त्याच प्रयोगातून सुचतात. साधनाने ज्या गोष्टीचा आग्रह धरायचा, ती गोष्ट त्या घराला करता येण्याजोगी असली पाहिजे. नळाची जागा चित्र घेऊ शकत नाही, आणि पाणीपुरवठ्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांनी ती चित्रांवर ढकलू नये.

सहभागाच्या नावाखाली लोकांना लाजवण्याचे प्रकारही या क्षेत्रात घडले आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. कमल कर यांनी १९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशात विकसित केलेल्या आणि पुढे महाराष्ट्रातही वापरल्या गेलेल्या हागणदारीमुक्तीच्या पद्धतीत गावकरी जमिनीवर रंगीत भुकटीने आपल्या गावाचा नकाशा काढतात, उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागा त्यावर दाखवतात, आणि तेथून पाणवठ्यापर्यंतची वाट त्यांच्याच डोळ्यांसमोर उलगडते. नकाशा काढण्याचा हा भाग शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण पाणी, हात, माशा, शेत आणि अन्न या वाटांनी विष्ठेतील जंतू तोंडापर्यंत कसे येतात, हे कोणत्याही छापील तक्त्याहून तो अधिक स्पष्ट करतो. परंतु त्याच्या जोडीला पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ आली, तेव्हा ज्यांच्याकडे संडास बांधायला जागा किंवा पैसा नव्हता, त्यांच्याच वाट्याला सर्वांत जास्त अपमान आला. ज्या साधनामुळे गरीब बाईला गावात मान खाली घालावी लागते, ते साधन परिणामकारक असले तरी त्याज्य मानावे, हा या पुस्तकाचा ठाम आग्रह आहे.

परिणाम मोजायचा कसा, याचा सर्वांत शिकण्याजोगा धडा बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या जलसंजीवनी कार्यक्रमाने घालून दिला. १९८० ते १९९० या दशकात तिच्या स्त्री कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्ध्या शेर पाण्यात मिसळण्याची रीत आयांना प्रत्यक्ष करून दाखवली व त्यांच्याकडून करवून घेतली. कार्यकर्तीचे वेतन तिने किती घरे केली यावर ठरत नव्हते. नंतर दुसऱ्याच व्यक्तीने जाऊन काही आयांना प्रश्न विचारायचे, त्यांनी केलेल्या द्रावणाचा नमुना तपासायचा, आणि आईला किती आठवते यावर मोबदला ठरवायचा, अशी व्यवस्था होती. तरीही सुरुवातीला असे आढळले की, आयांना रीत अचूक येत होती, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या जणी ती वापरत होत्या, कारण खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. प्रशिक्षणात या दोन्ही गोष्टी आल्यानंतर वापर वाढला. आठवण, कृती आणि विश्वास या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि महाराष्ट्रातील बहुतेक आरोग्यसाहित्याचे मूल्यमापन मात्र किती प्रती वाटल्या, या एकाच आकड्यावर थांबते.

मोबाइलमुळे चित्रफिती आणि खेळ स्वस्तात पोहोचू लागले आहेत, आणि हलणारे चित्र कालक्रमाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवते, हे खरे. परंतु घरातला स्मार्टफोन बहुधा पुरुषाच्या किंवा शिकणाऱ्या मुलाच्या खिशात असतो, आणि सुनेपर्यंत पोहोचणारी चित्रफीत सर्वांदेखत पाहण्यासारखी आहे की नाही, यावर तिचा उपयोग ठरतो. त्याहून कठीण प्रश्न ऊसतोडीचा आहे. दिवाळीच्या आसपास बीड, पैठण, पाटोदा, गेवराई या पट्ट्यातील कुटुंबे कोयत्याच्या जोडीने कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या पाच-सहा महिन्यांत गर्भवतीची तपासणी, बाळाची लस, दंडाची पट्टी आणि पिण्याचे पाणी, या सर्वांचे गावातील धागे तुटतात. गावच्या वर्गासाठी घडवलेली साधने उसाच्या फडातील पालापर्यंत पोहोचतील, भिजली तरी टिकतील, आशाताई सोबत नसतानाही वापरता येतील आणि परतल्यावर नोंद पुन्हा जोडून देतील, अशी कशी घडवावीत, याचा विचार पुढील प्रकरणांत सर्वाधिक विस्ताराने केला आहे, कारण त्या कुटुंबांसाठी असे साधन अद्याप जवळजवळ कोणी केलेलेच नाही.